मालक स्वतः का येतो

त्या मंगळवारी थोरलीच्या ग्रंथालयाला सुट्टी होती. सुट्टीच्या दिवशी ती आईबाबांकडे जेवायला जाते हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की कुणी तिला 'ये' म्हणत नसे आणि ती 'येते' असं कळवत नसे. दार उघडंच होतं. बाबा स्वयंपाकघरात फ्रिजमागे गुडघे टेकून बसले होते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक फ्रिजच्या पाठीला, मूठ कानाला, डोळे मिटलेले.

"आवाज करू नकोस," आई म्हणाली. "डॉक्टर तपासतायत."

"जगेल का?"

"कॉम्प्रेसर ठणठणीत आहे," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "मागच्या जाळीचा स्क्रू ढिला झालाय, तो बोंबलतोय. दुखणं फुटकळ आणि आरडाओरडा केवढा. थेट आमच्या दादासारखं."

"भाऊजींना कशाला मध्ये आणता? ते तर बोलतसुद्धा नाहीत तुमच्याशी."

"म्हणून तर आठवण येते."

पंपांच्या कारखान्यात बाबांनी सगळी नोकरी शेवटच्या टेबलावर काढली होती. तयार झालेला प्रत्येक पंप त्यांच्याकडे यायचा. नकाशा बरोबर, मापं बरोबर, तरी पाण्यावर चालवून, कान लावून ऐकल्याशिवाय ते त्यावर शिक्का मारत नसत. वरून घाई झाली, साहेब येऊन डोक्यावर उभा राहिला, तरी त्यांचं एकच वाक्य असे: "चालवून बघतो." खात्यात त्यांना सगळे कानसेन म्हणत.

मग एका सोमवारी कारखान्याच्या गेटला कुलूप दिसलं, आणि कानसेन घरी आले.

त्यानंतरचा काळ थोरलीला आठवायचा तो एका खुर्चीमुळे. बाबा रोज दाढी करत, इस्त्रीचा शर्ट घालत आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर हात गुडघ्यावर ठेवून बसत. जणू बस तिथेच येऊन थांबणार होती. चार ठिकाणी अर्ज झाले, दोन ठिकाणी बोलावणं आलं, एकीकडे त्यांच्या मुलाच्या वयाच्या माणसाने "काका, तुम्ही आता आराम करा" असं अगदी प्रेमाने सांगितलं. त्या दिवशी ते खुर्चीवरून उठलेच नाहीत. पुढे आईने त्यांना फिरायला हाकललं. असंच फिरताना एका चर्चच्या तळघरातून त्यांना बेअरिंग रडताना ऐकू आलं. तुमचा पंप बसणार आहे, एवढं सांगायला ते आत गेले. दुसऱ्या दिवशी हत्यारं घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी, नवीन बेअरिंग कसं बोलतंय ते ऐकायला. त्यापुढे जायला काही निमित्त उरलं नव्हतं, तरीही ते गेले. सकाळी तिथे पाच-सहा माणसं बसून शुभवर्तमान वाचत, थोडं थोडं, आळीपाळीने. बाबा मागच्या बाकावर बसू लागले. वर्षभराने एका रात्री जेवताना म्हणाले, "मी येत्या रविवारी बाप्तिस्मा घेतोय." थोरलीच्या भावाने, धाकट्याने पाण्याचा जग पुढे सरकवला, आणि लगेच मागे घेतला.

कुणी काही विचारलं नाही. या घरात विचारत नसत. विचारलं की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर देताना माणूस उघडा पडतो. ते टाळणं म्हणजे माया, असं हे लोक पिढ्यानपिढ्या मानत आले होते. आजोबांचं दुखणं असंच लपलं, आत्याचं मोडलेलं लग्नही. थोरलीने त्या रविवारनंतर धर्मांतरावरची तीन जाडजूड पुस्तकं वाचून काढली. बाबांना मात्र एक शब्द विचारला नाही.

जेवणं झाली. ती भांडी विसळत होती, बाबा पुसत होते.

"तू एवढं वाचतेस. एक सांग मला," ते म्हणाले. "एक द्राक्षमळ्याचा मालक आहे. पहाटे चौकात जातो, माणसं कामाला घेऊन येतो. थोड्या वेळाने पुन्हा जातो. दुपारी पुन्हा. दिवस कलला तरी पुन्हा जातोच. आणि कुणीच नेली नाहीत म्हणून जी दिवसभर तिथे उभी आहेत, त्यांनाही घेऊन येतो. शेवटी सगळ्यांना मजुरी सारखी."

"माहीत आहे मला. मजुरीवरून भांडण होतं."

"सगळे तिथेच अडकतात. माझी गाडी वेगळ्याच ठिकाणी अडलीय. त्याच्याकडे मुकादम आहे. मजुरी वाटायला तो मुकादमालाच सांगतो. मग माणसं आणायला मुकादमाला का पाठवत नाही? दिवसभर मालक स्वतः का येतो? आमच्या मालकाला कधी कुणी गेटवर पाहिलं होतं?"

थोरलीला गंमत वाटली. इतक्या वेळा वाचलेल्या गोष्टीत हा मुकादम तिला कधी दिसलाच नव्हता. पण ती म्हणाली, "गोष्टीची सोय असते, बाबा. पात्रं कमी ठेवतात."

"असेल," बाबा हसले. ताटली उजेडाकडे धरून त्यांनी निरखली. "मग मुकादम तरी ठेवला कशाला?"

आई म्हणाली, चहा उकळून चाललाय. विषय तिथेच राहिला.

ऊन उतरल्यावर बाबांनी थर्मास उचलला. ते कुठे जातात हे थोरलीला ठाऊक होतं. ग्रंथालयातल्या एका सहकारिणीने तिला सांगितलं होतं, "तुमचे वडील चौकात दिसले, रोजंदारीवाले उभे असतात ना, तिथे." त्यावर थोरली पटकन म्हणाली होती, "ते एका संस्थेचं काम करतात," आणि घरी येऊन स्वतःवरच चिडली होती. जन्मभर पंपांची पारख केलेला माणूस आता वाळूची पाटी उचलायला उभा राहतो, असं तिने मनाशी धरलं होतं. पण त्यात काहीतरी बसत नव्हतं. काम मागायला कुणी संध्याकाळी जातं का? आणि थर्मास घेऊन? आणि परत येताना शीळ घालत?

ती दारापर्यंत गेली. तोंडाशी काहीतरी आलं होतं.

"सावकाश जा," ती म्हणाली.

"येतो गं," बाबा म्हणाले आणि जिना उतरले.

रात्री ते वेळेवर परतले, जेवले, झोपले. सकाळी आईने चहा ठेवला, हाक मारली, पुन्हा हाक मारली, आणि मग गॅस बंद केला.

*

त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी बाहेरच्या खोलीत सगळ्या खुर्च्या भिंतीला लागल्या होत्या. काका टाय लावून आले होते. बाबांपेक्षा ते सहा वर्षांनी मोठे, त्याच कारखान्यातले फोरमन, आणि कारखाना बंद पडायच्या आधी रीतसर निवृत्त झालेले. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं की कामगार सभागृह ठरवलंय, उद्या सकाळी, जुन्या खात्यातल्या सगळ्यांना निरोप गेलेत.

"दादा, पण त्याच्या चर्चचं काय?" आत्याने विचारलं. बाबा तिचा मधला भाऊ. तीन भावंडांत ती सगळ्यात धाकटी, त्यामुळे काकांना अडवायची हिंमत करणारी तीच.

"काय म्हणजे?"

"त्याने बाप्तिस्मा घेतला होता. त्या पाळकबाई येतायत आत्ता, फोन आला होता."

"येऊ देत. चहा द्या त्यांना."

धाकटा काकांच्या शेजारी बसला होता. तो म्हणाला, "आत्या, काकांचं बरोबर आहे. बाबा चर्चमध्ये गेले दोन-अडीच वर्षं. कारखान्यात तीस वर्षं होते."

"तू वजन करतोयस का रे बापाचं?" आत्या म्हणाली.

पाळकबाई आल्या. जाड चष्मा, काखेत स्कूटरचं हेल्मेट. कुठे ठेवावं ते न कळून त्यांनी ते मांडीवर घेतलं. त्या जास्त बोलल्या नाहीत. कुटुंबाची इच्छा असेल तर उद्या साडेदहाला चर्चमध्ये उपासना होईल, मागे दफनभूमीत जागा आहे, एवढंच.

"त्याची व्यवस्था आम्ही केलेली आहे," काका म्हणाले, आणि उभे राहिले. खुर्चीवर बसून त्यांना कधीच नीट भांडता येत नसे. "बाई, तुमचा अपमान करायचा नाही मला. पण तुम्हाला आमची रीत माहीत नसेल. माणूस निवृत्त व्हायचा ना, तेव्हा तो खात्यातून गेटकडे चालायला लागायचा, आणि तो ज्याच्या समोरून जाईल तो आपलं मशीन बंद करायचा. एकेक करत. तो गेटपाशी पोचेपर्यंत सगळं खातं गप्प. मला तसं मिळालं. शेवटचं मशीन कुणी बंद केलं माहितीये? यानेच. टेस्टिंगचं टेबल गेटजवळ होतं." त्यांनी टाय सैल केला. "आणि त्याला काय मिळालं? बाहेरून कुलूप. उद्या सभागृहात खातं दोन रांगांत उभं राहील आणि तो मधून जाईल. एवढं तरी मी त्याला देणार."

थोरलीला वाटत आलं होतं की काकांचा हट्ट मोठेपणाचा आहे. आता पहिल्यांदा तिला त्यातली माया दिसली, आणि तिची पंचाईत झाली. चुकीच्या बाजूला इतकी माया असेल असं तिने धरलंच नव्हतं.

"ते सुंदर आहे," पाळकबाई म्हणाल्या. "पण ते प्रभूचे होते, हेही..."

"ते तो रिकामा होता म्हणून!" काकांचा आवाज चढला. "रिकामा माणूस मिळेल ते धरतो. उद्या कारखाना उघडला असता तर परवा तुमचा बाक रिकामा झाला असता. सांगा, नसता झाला?"

थोरलीने पाळकबाईंकडे पाहिलं. याच प्रश्नापायी तिने ती तीन पुस्तकं वाचली होती.

"माहीत नाही मला," पाळकबाई म्हणाल्या.

काका गडबडले. त्यांना वाद हवा होता.

"त्यांनीच मला हे विचारलं होतं. बाप्तिस्म्याच्या आधी. म्हणाले, काम मिळालं तर माझा विश्वास टिकेल का, की ही नुसती बेकारी आहे? मी म्हटलं, मला सांगता येणार नाही. तर म्हणाले, मग चालवून बघू." त्या जराशा हसल्या. "गेल्या हिवाळ्यात त्यांना एक नोकरी सांगून आली. ते दोन दिवस विचार करत होते. मग नाही म्हणाले."

"ती मीच पाठवली होती," काका म्हणाले. "गोदामावर रखवालदाराची. माझं नाव सांगू नका म्हणून बजावलं होतं, पण त्याने ओळखलंच. माझ्या घरी आला आणि म्हणाला, दादा, पाळी संध्याकाळची आहे, संध्याकाळी मला काम असतं. काम! कसलं काम? मी पाहिलं नव्हतं का त्याला बसमधून? चौकात उभा होता! रोजंदारीवाल्यांत! माझा भाऊ!"

शेवटचे दोन शब्द त्यांना नीट उच्चारता आले नाहीत. ते खाली बसले.

"मीही पाहिलं होतं," धाकटा हळूच म्हणाला. "मी तेव्हापासून कामावर जायचा रस्ता बदलला. त्यांना लाज वाटू नये म्हणून."

"तू पण?" आत्या म्हणाली. "मला वाटलं मलाच माहितीये! मी तर दादाला कळू नये म्हणून देवाला..." ती अडखळली. "म्हणजे असंच, मनातल्या मनात."

"माझ्यापासून लपवलंत?" काका.

"तूही लपवलंस की!"

धाकट्याने थोरलीकडे पाहिलं आणि तिलाही ठाऊक होतं हे तो समजला. एवढंसं घर, आणि जो तो तोंडात गुळणी धरून त्याच एका माणसाची अब्रू राखत बसला होता. कुणाला तरी हसू येईल असा तो क्षण होता. आत्याला आलंही. पदराने तोंड दाबून ती हसली आणि मग रडायला लागली.

"ते काम मागायला जात नव्हते."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. इतका वेळ ती तिथेच होती.

"मग?" काकांनी विचारलं.

"चहा घेऊन जायचे. ज्यांना दिवसभरात कुणी नेलं नाही, ती माणसं संध्याकाळी लगेच घरी जात नाहीत. घरी काय तोंड दाखवायचं? ती तिथेच रेंगाळतात. त्यांच्यापाशी जाऊन उभे राहायचे हे."

"तुला कसं माहीत?"

"मी विचारलं."

या घरात हे वाक्य इतकं अनोळखी होतं की काकांना ते पुन्हा ऐकावंसं वाटलं. "विचारलंस?"

"थर्मास रोज मी भरून देत होते. विचारायला नको, जातो कुठे?"

"आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस, आई?" थोरली म्हणाली.

"तुम्ही कुणी विचारलंत?"

आई येऊन खुर्चीच्या कडेवर टेकली.

"चर्चमध्ये त्यांनी कुठली तरी गोष्ट वाचली होती. मळ्याच्या मालकाची. तो स्वतः पुन्हा पुन्हा चौकात का येतो, हे यांना कळेना. ह्या बाईंना विचारलं, आणखी कुणाकुणाला विचारलं. मग म्हणाले, तिथे जाऊनच बघतो. पंपाचं करायचे तसं. आणि गेले. महिन्याभराने मी विचारलं, लागलं का उत्तर? म्हणाले, सकाळी ज्यांना माणसं हवी असतात, ते मुकादम पाठवतात. संध्याकाळी कुणालाच कुणी नको असतं. त्या वेळी जो येतो, तो कामासाठी येतच नाही. माणूस तसा उभा राहिलेला त्याला बघवत नाही, म्हणून येतो. आणि बघवत नसलं की दुसऱ्याला पाठवता येत नाही." आईने हाताने खुर्ची चाचपली. "मला म्हणाले, माझ्याकडे तो असाच आला गं. संध्याकाळ करून. मी तिथे खुर्चीवर बसलो होतो, कुणाच्याच कामाचा नव्हतो, आणि तू भांडी घासत होतीस."

थोरली मात्र दुसऱ्याच गोष्टीपाशी थांबली होती. उत्तर त्यांना सापडलं होतं. केव्हाचंच. मग मंगळवारी ताटली पुसता पुसता त्यांनी तिला का विचारलं?

आणि मग तिला कळलं. त्यांना उत्तर नको होतं. त्यांना एवढंच हवं होतं की तिने उलट काहीतरी विचारावं.

"हे सगळं ठीक आहे," काका म्हणाले, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. "उद्याचं काय ते सांगा. तू सांग. तुझा नवरा होता."

"थोरली ठरवेल," आई म्हणाली. "मला आता तुमच्यात निवाडा करायचं बळ नाही, भाऊजी."

सगळे थोरलीकडे बघू लागले. सभागृह म्हटलं तर एका भावाचं देणं फिटत होतं. चर्च म्हटलं तर बाबांचा शब्द राहत होता. ज्या गोष्टीवर तिने स्वतः कधी विश्वास ठेवला नव्हता, तिच्या हवाली बाबांना करायचं, हेही त्यात होतंच.

"मला आधी तो चौक बघायचाय," ती म्हणाली.

"आत्ता?"

"वेळ तीच आहे ना?"

काका उठले. "मीही येतो. एकटी कुठे जाशील तिथे." आईने काही न बोलता आत जाऊन थर्मास भरला आणि काकांच्या हातात दिला. काकांनी तो दोन्ही हातांनी धरला, परक्याचं तान्हं मूल धरावं तसा.

*

चौक म्हणजे एका बंद रंगाच्या दुकानाचं शटर, विजेची लोखंडी पेटी आणि बसथांब्याचं छप्पर. सातआठ माणसं होती. पेटीवर हत्यारं मांडलेली: गवंड्याची करणी, घमेलं, फडक्यात गुंडाळलेले ब्रश. गाडी थांबली की मान वर करायची त्यांची सवय अजून सुटली नव्हती. थोरली आणि काका जवळ गेले तेव्हाही सगळ्यांच्या माना वर झाल्या, आणि टाय बघून एक जण पुढे आला.

"काय काम आहे साहेब? रंगकाम?"

"काम नाही," काका म्हणाले. मग त्यांनी थर्मास पुढे केला.

रंगाऱ्याने थर्मास ओळखला. "पाहुण्यांचा आहे हा. पाहुणे कुठायत? कालही आले नाहीत."

"कप विसरलो की आपण," काका थोरलीला म्हणाले, जणू तेच सगळ्यात अवघड होतं.

"कप कशाला?" रंगाऱ्याने पेटीमागे हात घालून एकात एक बसवलेले स्टीलचे पेले काढले. "इथेच असतात. बरे आहेत ना ते?"

थोरलीने सांगितलं. झोपेतच, म्हणाली. काही त्रास झाला नाही.

रंगाऱ्याने टोपी काढली. मागे फरशी पुसण्याची काठी घेऊन एक बाई उभी होती, ती काठीसकट खाली बसली. एक ट्रक येऊन पुढच्या सिग्नलला थांबला, तिकडे कुणी पाहिलं नाही.

"तुम्ही त्यांना पाहुणे म्हणायचात?" थोरलीने विचारलं.

"नाव आम्ही कधी विचारलंच नाही. पहिल्या दिवशी आले तेव्हा वाटलं, झालं, आणखी एक वाटेकरी वाढला. कारखाना बंद पडला, मलाही काम नाही, असं तोंडाने सांगितलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी ट्रक आला, एकच माणूस हवा होता, तर हे मागे सरकले. तेव्हा कळलं, हे प्रकरण वेगळं आहे."

"त्याने असं सांगितलं?" काका म्हणाले. "काम नाही म्हणून?"

"हो. त्यात काय? इथे सगळ्यांचं तेच आहे."

"देवाधर्माचं काही बोलायचे?" थोरली.

"विचारलं तरच. मी एकदा म्हटलं, पाहुणे, तुम्ही प्रार्थना करता म्हणता, म्हणजे नेमकं म्हणता काय? तर म्हणाले, मला शब्द सुचत नाहीत रे, मी नुसती नावं घेतो. तुमची सगळ्यांची. एकेक करून, आणि मग गप्प बसतो."

"माझ्या नवऱ्याचंसुद्धा घ्यायचे," बाई खालूनच म्हणाली. "मी म्हटलं, त्याचं कशाला, तो तर पलंगावरून उठत नाही. तर म्हणाले, त्याचं दोनदा घेतो मग."

थोरलीला हसू आलं, कालपासून पहिल्यांदाच.

"घरच्यांचीही असायची," रंगारी म्हणाला. "एक दादा आहेत म्हणे. बोलत नाहीत. त्यांच्यापासून सुरुवात करायचे."

काका विजेच्या पेटीकडे वळले. पेले सरळ रांगेत लावायला लागले. लावून झाल्यावर पुन्हा लावले. मग थर्मास उघडून त्यांनी चहा ओतला, थोडा बाहेर सांडला, आणि पहिला पेला खाली बसलेल्या बाईला वाकून दिला.

"माती कधी आहे?" रंगाऱ्याने विचारलं. "आम्ही आलो तर चालेल का?"

थोरलीने काकांच्या पाठीकडे पाहिलं. "या," ती म्हणाली. "उद्या सकाळी, चर्चमध्ये."

"किती वाजता?"

तिला तेवढं आठवेना.

"साडेदहाला," काका मागे न बघता म्हणाले. "खात्यातल्या लोकांना मी तिकडेच यायला सांगतो. दाराबाहेर जागा असेल ना दोन रांगांना?"

"असेल, काका."

"मग झालं."

माणसं चहा घेऊन छपराखाली गेली. दिवे लागायची वेळ झाली होती, अजून लागले नव्हते. बाई पेला दोन्ही हातांत धरून थोरलीकडे टक लावून बघत होती.

"तुम्ही थोरल्या ना? पुस्तकांत असता त्या? तुमचं किती कौतुक त्यांना. तुम्ही नाही आलात कधी त्यांच्याबरोबर?"

उत्तरं तयार होती. सुट्टी एकच असते, ग्रंथालय लांब आहे, त्यांचं ते बघायला समर्थ होते. त्यातलं एकही तिने दिलं नाही.

"मला यायचं होतं," थोरली म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला, काकांनीही वळून पाहिलं. "दर मंगळवारी दारापर्यंत जात होते मी. एवढंच विचारायचं होतं." ती बाईकडे बघत नव्हती आता, काकांकडेही नव्हती. "बाबा, मी येऊ का?"